"मॅडम, मला पहिलं यायचं नाही"

सरावाची वही मी नऊ वर्षं लिहिते आहे. नाव, तारीख, टायमिंग, दुखापत असेल तर लाल शाईत शेरा. मी शाळेत क्रीडा शिक्षिका. ॲथलेटिक्सचं कोचिंग मात्र मानधनावर येणारे एक सर करायचे. कुणाची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदललेत.

त्या दिवशी निवड चाचणीची यादी करायला वही उघडली होती. चारशे मीटर पळणारी आमची एक चौदा वर्षांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी ६४.२ सेकंदांत यायची, मग ६३.८ पर्यंत आली. त्यानंतरचे आकडे ६६.५, ६७.१, ६६.९. या वयात शरीर बदलतं, मुलींचं टायमिंग घसरतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पण ते असं एका ठिकाणी येऊन थांबत नाही. तिच्या शर्यती डोळ्यांपुढे आणल्या तेव्हा लक्षात आलं की तीनशेपर्यंत ती पुढे असायची. शेवटच्या शंभरात मान वळवून मागे बघायची आणि मागची मुलगी जवळ आली की पाय सैल सोडायची.

तिला बोलावलं. "दमतेस, की मुद्दाम मागे राहतेस?" विचारताना माझ्या आवाजात राग होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ती बराच वेळ बुटाची नाडी सोडत-बांधत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "मॅडम, मला पहिलं यायचं नाही."

"का गं?"

"पहिली आली की सर गाडीतून घरी सोडतात."

मैदानावर इतर मुलींचं वॉर्मअप चालू होतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. अशा वेळी प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, आपले शब्द मुलीच्या तोंडी घालायचे नाहीत, एवढं मला एका कार्यशाळेत शिकवलं होतं. मी फक्त "बरं, मग?" म्हटलं.

"मला काही केलं नाही. पण सर म्हणाले, तू पण ताईसारखीच स्पेशल आहेस." थोडं थांबून म्हणाली, "ताईचा हात धरतात गाडीत. रात्री मेसेज करतात, ते आपोआप पुसले जातात. ताई म्हणते, कुणाला सांगितलंस तर सरांचं करिअर जाईल."

ताई म्हणजे आमची आठशेवाली. सोळा वर्षांची. सर चौतीस वर्षांचे.

तिला म्हटलं, सांगितलंस ते बरोबर केलंस, आणि तुझं काहीही चुकलेलं नाही. स्टाफरूममध्ये जाऊन तिची वाक्यं तिच्याच शब्दांत कागदावर उतरवली, वर तारीख आणि वेळ घातली. लिहिताना मला दिसत होतं की यातलं अर्धं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

सरांनी आठशेवालीला महागडे स्पाइक्स आणून दिले, तेव्हा मी त्यांचं कौतुक केलं होतं. सगळ्या मुली गेल्यावर तिचा आणखी तासभर सराव चालायचा, त्याला मी मेहनत म्हणत होते. तिच्या मैत्रिणी एकेक करून तुटल्या. सरांनी तिला सांगितलं होतं, त्या तुझ्यावर जळतात. स्ट्रेचिंग करून द्यायला तेच जायचे, मी तिथे असतानाही. आणि तिचे वडील एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सर, ही तुमचीच मुलगी समजा." ऐकून माझे डोळे भरून आले होते.

हे असंच घडतं. अशा माणसाला मुलीच्याही आधी तिच्या भोवतीच्या मोठ्यांचा विश्वास मिळवावा लागतो आणि तो आम्ही आनंदाने दिलेला असतो. कार्यशाळेत कॅनडाचा आइस हॉकी खेळाडू शेल्डन केनेडी याच्याबद्दल ऐकलं होतं. ग्रॅहम जेम्स हा त्याचा प्रशिक्षक. जेम्सचा संघ १९८९ मध्ये विजेता ठरला आणि तिथल्या हॉकीच्या एका नियतकालिकाने त्याच वर्षी त्याला वर्षातला सर्वोत्तम माणूस ठरवलं. केनेडी त्याच संघात होता. जेम्स आपल्यावर काय अत्याचार करत होता, हे तो पुढे कित्येक वर्षं बोलू शकला नाही. १९९७ मध्ये जेम्सला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ते ऐकताना मी मनात म्हटलं होतं की भोवतीच्या लोकांना दिसलं कसं नाही?

मधल्या सुट्टीनंतर आठशेवाली स्वतःच माझ्याकडे आली. धाकटीने तिला सांगितलं असणार.

"मॅडम, ती लहान आहे, तिला काही कळत नाही," ती म्हणाली. चेहरा अगदी शांत, शर्यतीच्या आधी असतो तसा. "आमचं प्रेम आहे. त्यांनी कधी जबरदस्ती केलेली नाही. पहिला मेसेजसुद्धा मीच केला होता."

"पहिला कुणी केला त्याने काही बदलत नाही," मी म्हटलं. "ते मोठे आहेत. तिथेच थांबवणं हे त्यांचं काम होतं."

"तुम्ही त्यांना ओळखत नाही. मी अठराची झाले की आम्ही घरी सांगणार आहोत." मग तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "कुणाला सांगणार नाही असं वचन द्या मॅडम. प्लीज."

"ते वचन मी देऊ शकत नाही," मी म्हणाले. "पुढे जे काही करीन ते तुला सांगून करीन."

तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरू शकत नाही. तिच्या लेखी मी तिचा सगळ्यात मोठा आधार काढून घेत होते, आणि त्या घडीला ते खरंही होतं. पहाटे उठवणारा, तिच्या प्रत्येक सेकंदाची नोंद ठेवणारा, घरी कुणी विचारत नाही ते विचारणारा एकच माणूस तिच्या आयुष्यात होता. संघात कोण जाणार तेही तोच ठरवत होता. ज्याच्या एका शब्दावर तुमची निवड अवलंबून आहे, त्याला "नाही" म्हणता येतं का? आणि जिथे "नाही" म्हणायची सोयच नाही, तिथल्या "हो"ला किती अर्थ असतो? हे प्रश्न मी तेव्हा तिला विचारले नाहीत. तिला बसायला सांगितलं आणि समुपदेशक मॅडमना बोलावून घेतलं, ती एकटी राहू नये म्हणून.

मुख्याध्यापकांनी माझा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "आधी सरांना बोलावून विचारू. त्यांची बाजूही ऐकायला हवी."

मी म्हटलं, त्यांची बाजू ऐकायला तपास करणारे आहेत. आपण आज विचारलं तर संध्याकाळपर्यंत फोन साफ होईल आणि रात्रीत मुलीवर दबाव येईल.

"स्पर्धा दहा दिवसांवर आहे. आणि ते आपले शिक्षक नाहीत, बाहेरून येतात. आपली जबाबदारी कितपत?"

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. मुलीला काय फरक पडतो, पगार कोण देतं त्याने? इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्यातच ही फट होती. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याशी शिक्षकाने लैंगिक संबंध ठेवले तर तो विश्वासाच्या पदाचा गैरवापर, म्हणजे गुन्हा. क्रीडा प्रशिक्षक मात्र त्यातून सुटत होते. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि प्रशिक्षकही त्यात आले. मी हे मुख्याध्यापकांना सांगितलं, आणि हेही सांगितलं की तक्रार आजच जाणार, शाळेकडून नाही गेली तर माझ्या सहीने जाईल. माझे हात थरथरत होते. ते काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग त्यांनी फोन उचलला. हा माणूस वाईट नाही. घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी शाळेचं नाव वाचवायला धावतो.

संध्याकाळी तपासासाठी आलेल्या बाई साध्या कपड्यांत होत्या. पुढचं फार सांगत नाही. प्रकरण न्यायालयात आहे. सरांचं मैदानावर येणं त्याच दिवशी बंद झालं. मुलीच्या आईने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही तर रोज तिथे होतात ना?" मी "हो" म्हटलं. त्यापुढे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक शब्द कानावर आला. "लफडं." मी वळून विचारलं की कुणाचं? लफडं दोघांचं असतं, दोघं बरोबरीचे असतात. "प्रेमप्रकरण" म्हटलं तरी तेच. "तिलाही अक्कल हवी होती," असं एक बाई म्हणाल्या. सोळाव्या वर्षी अक्कल हवी, आणि चौतिसाव्या वर्षी? या गोष्टीसाठी आपल्याकडे शब्द आहे, तो अत्याचार. मुलगी खूश दिसत होती म्हणून तो बदलत नाही. मी तिथे चढ्या आवाजात बोलले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आता आमच्याकडे काही नियम आहेत. एकटी मुलगी आणि एकटा प्रशिक्षक असा सराव होत नाही. गाडीतून सोडणं बंद. मेसेज फक्त ग्रुपवर, ज्यात पालकही असतात. काही पालक कुरकुरतात, काहींना अजून वाटतं की इतके चांगले सर उगाच घालवले. फाटकापाशी गाठून विचारतात, नक्की काय झालं? मुलीचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून मी काही बोलत नाही. ते गप्प राहणं फार जड जातं.

पहिल्या आठवड्यात चारशेवाली चाचणीच्या रेषेवर उभी राहण्याआधी जवळ आली. हळूच म्हणाली, "मॅडम, आता खरं पळू?" मी मान हलवली. त्या दिवशीचं टायमिंग मला वहीत लगेच लिहिता आलं नाही.

आठशेवाली माझ्याशी सात महिने बोलली नाही. मैदानावर यायची नाही, वर्‍हांड्यात दिसले तर वाट बदलायची. मीही तिला थांबवलं नाही. समुपदेशक मॅडमकडे जाते एवढं कळत होतं, तेवढं पुरे होतं.

मग एका दुपारी ती क्रीडा साहित्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? माझ्या आधी पण कुणी होतं का?"

तक्रार गेल्यानंतर दोन जुन्या विद्यार्थिनी पुढे आल्या होत्या. एकीचं तर लग्न झालेलं होतं. हे मला माहीत होतं, पण तिला सांगायची मुभा नव्हती. मी "ते मला बोलता येणार नाही" असं म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटले नाहीत.

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यांनी सांगितलं होतं, माझ्यासारखी दुसरी कुणी नव्हतीच," ती म्हणाली.

मग आत आली, हर्डल्सच्या ढिगाशेजारच्या बाकावर बसली आणि शाळा सुटेपर्यंत तिथेच बसून राहिली. मी दार उघडं ठेवलं आणि बाहेरच्या पायरीवर बसून वही लिहीत राहिले.