मंद आचेचं घर

दिवाळीच्या फराळाला कार्डिफला गेलं की चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत कुणीतरी विचारतंच, “तुमच्या खेड्यात गॅसची लाइन नाही म्हणे. मग घर तापवता कसं?” वाईहून आईच्या मैत्रिणीही फोनवर हेच विचारतात. आणि हल्ली लंडनचं घर विकून इकडे वेल्समध्ये दगडी घर घ्यायला निघालेली दोन मराठी कुटुंबं आहेत, त्यांचा प्रश्न जास्त नेमका असतो: हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणणारं विजेचं यंत्र, घ्यावा की नको? दरवेळी मी घाईघाईत काहीतरी सांगते आणि घरी परतताना गाडीत आठवतं की मुद्द्याचं राहूनच गेलं. तर आता सगळं एकदाच लिहून काढते.

आमचं घर ॲबरिस्टविथ आणि माखुन्लेथ यांच्या मधल्या एका खेड्यात आहे. (माखुन्लेथचा माझा उच्चार ऐकून शेजारीण अजूनही हसते.) दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, पाऊस बारमाही. 2020 च्या शरद ऋतूत घर बघायला आलो तेव्हा मागच्या अंगणात एक हिरवी टाकी दिसली. एजंट म्हणाला, घराचं हीटिंग तेलावर चालतं. हे मी फोनवर सांगितल्यावर आई म्हणाली, “गोडंतेल?” तेव्हा हसले, पण पहिला टँकर आला, लांबलचक नळी ओढत माणूस टाकीपर्यंत गेला आणि वास नाकात शिरला तेव्हा ओळख पटली. हे तर रॉकेल! रेशनच्या रांगेत आजीसोबत पत्र्याचा डबा घेऊन उभं राहायचं, दुकानदार नरसाळ्यातून निळं रॉकेल मापून ओतायचा, तेच हे, फक्त निळा रंग नसलेलं. पाच लिटरसाठी आजी तासभर उभी राहायची आणि इथे टँकरवाला पाचशे लिटरच्या खाली यायलाच तयार नव्हता.

रॉकेलच्या बॉयलरला मी नावं ठेवणार नाही. रॉकेल जाळून तो पाणी तापवतो, ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं, आणि त्याच्यात जोर असतो. बटण दाबलं की वीस मिनिटांत रेडिएटर चटका बसण्याइतका तापतो, बाहेर बर्फ असो की वारा. टाकीत तेल असेपर्यंत, एवढंच. आमच्या दुसऱ्या जानेवारीत टाकीच्या काट्यावर विसंबून राहिलो आणि काटा अडकलेला निघाला. बॉयलर विझला. तेल आलं तरी तो लगेच पेटला नाही, कारण नळीत हवा शिरलेली होती आणि ती काढायला माणूस हवा होता. तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर आम्ही लाकडाच्या शेगडीभोवती एकाच खोलीत झोपलो.

आणि मग मार्च 2022. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर रॉकेल लिटरला एक पौंडाच्या वर गेलं. आदल्या वर्षी आम्ही ते निम्म्याहून कमी भावात भरलं होतं. विजेच्या आणि नळाच्या गॅसच्या दरांना इथे सरकारी नियामकाची वरची मर्यादा असते, तेलाला नसते. आमच्या गावात वीस-बावीस घरं मिळून एकदम मागणी नोंदवतात, म्हणजे भाव जरा उतरतो, पण त्या महिन्यात सगळ्या गावानेच हात टेकले. पुढच्या वर्षी सरकारने आमच्यासारख्या घरांना 200 पौंड दिले. दोनशे-अडीचशे लिटर तेल झालं त्यात.

तेव्हा पर्याय शोधायला बसलो. टाकीतला एलपीजी हा एक. स्वयंपाकाला आम्ही प्रोपेनचे 47 किलोचे दोन सिलिंडर वापरतोच, भारतातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरपुढे ते पैलवानच. पण घर तापवायला मोठी टाकी लागते, ती सहसा कंपनीची असते आणि मग गॅसही तिच्याकडूनच घ्यावा लागतो. तेलाच्या भावाला कंटाळून एकाच दुकानदाराला बांधून घेण्यात मला अर्थ दिसला नाही. लाकडाच्या गोळ्यांचा बॉयलर ठेवायला आणि गोळ्या साठवायला गोठाभर जागा हवी. साधे विजेचे हीटर घेणं सर्वांत सोपं आणि चालवणं सर्वांत महाग. राहिला हीट पंप.

तो कसा चालतो हे समजावण्यासाठी मी नेहमी फ्रिजच्या मागे हात लावायला सांगते. आतल्या भाजीतली उष्णता उपसून फ्रिज ती मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंपासाठी आख्खं अंगण म्हणजे ती भाजी. आमच्या पंपात प्रोपेनच आहे, जाळायला नाही, फिरवायला. ते उणे 42 अंशांना उकळतं, त्यामुळे बाहेरची 2 अंशांची हवासुद्धा त्याच्या लेखी तापलेला तवा. तिथे त्याची वाफ होते, मग ती दाबली की तापते, आणि ती उष्णता घरातल्या पाण्याला देऊन ते पुन्हा द्रव होतं. एक युनिट वीज घालून वर्षाच्या सरासरीने तीनेक युनिट उष्णता मिळते. मात्र पाणी जितकं जास्त तापवायला सांगाल तितकं हे गणित बिघडतं. पंपाला 40-45 अंशांचं पाणी मानवतं, रॉकेलच्या बॉयलरसारखं 70 अंशांचं नाही.

इथेच बहुतेकांची गाडी अडते, आणि खरं सांगायचं ते इथेच आहे. आमचे शेजारीपाजारी म्हणाले, दगडी घराला पंप चालत नाही. ऐकून पटायचं, कारण थंड भिंत हाताला लागायची. पण मला आमचा वाईचा वाडा आठवला. एप्रिलमध्ये बाहेर लाही होत असताना माजघर गार असायचं, कारण तेवढ्या दगडाला तापायला बराच वेळ लागतो. ह्याही भिंती तशाच, फक्त ऋतू उलटा. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास बॉयलर भडकवला की हवा तापायची, भिंती तशाच गार राहायच्या, आणि बॉयलर बंद झाला की त्या भिंती सगळी ऊब गिळून टाकायच्या. आम्ही तीन वर्षं पुरणाची डाळ मोठ्या आचेवर शिजवत होतो म्हणा ना. वर करपलेली, आत कच्ची. अशा घराला दिवसरात्र मंद आच हवी, आणि पंपाला नेमकी तीच देता येते.

अर्थात भोकं बुजवल्याशिवाय मंद आच पुरत नाही. माळ्यावर लोकरीसारखं आवरण जेमतेम चार बोटं होतं, ते 270 मिलिमीटरपर्यंत वाढवलं. वापरात नसलेलं एक धुराडं बंद केलं, दारांच्या फटी बुजवल्या. दगडी भिंतींना आतून फोम चिकटवायचा सल्ला एकाने दिला होता, तो मानला नाही. जुन्या दगडी भिंतींतली ओल बाहेर पडायला वाट लागते, ती कोंडली की बुरशी धरते. चुन्याचा गिलावा होता तिथे चुन्याचाच ठेवला.

मग पंप बसवणारे. पहिला आला, चहा प्यायला, पंधरा मिनिटं इकडेतिकडे बघून म्हणाला, “सोळा किलोवॅट लागेल.” कशावरून, विचारलं, तर म्हणाला अनुभवावरून. दुसरीने प्रत्येक खिडकी, प्रत्येक भिंत मोजली, तीन तास. बाहेर उणे तीन असताना आत एकवीस ठेवायला घर किती उष्णता गमावतं त्याचा खोलीवार तक्ता दिला. उत्तर आलं नऊ किलोवॅट. गरजेपेक्षा मोठा पंप म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं, पण तो सारखा चालू-बंद होत राहतो, वीज खातो आणि लवकर झिजतो. काम दुसरीला दिलं. तुम्हीही खोलीवार तक्ता दिल्याशिवाय कुणाला होकार देऊ नका, माणूस कितीही गोड बोलणारा असो.

तिने जायच्या आधी एक फुकटची परीक्षा सांगितली. फेब्रुवारीतल्या थंड आठवड्यात बॉयलरच्या पाण्याचं तापमान 55 अंशांवर आणा, दिवसभर चालू ठेवा आणि बघा कुठली खोली कुडकुडते. आमच्या दोन खोल्या कुडकुडल्या. तिथे रेडिएटर दुप्पट जाड घेतले, बाकीचे निम्मे तरी जुनेच राहिले.

पैसे. 2024 च्या वसंतात सगळं मिळून 13,800 पौंड झाले. इंग्लंड-वेल्समधल्या सरकारी योजनेतले 7,500 बसवणाऱ्या कंपनीनेच बिलातून वजा केले, बाकी आमच्या खिशातून. माळ्याचा खर्च वेगळा. चालवण्याचा खर्च विचाराल तर रॉकेलच्या साधारण भावाशी तुलना करता जवळजवळ तेवढाच येतो. 2024 मध्ये विजेचं युनिट पंचवीस पेन्सच्या आसपास होतं, त्याला तीनने भागा. रॉकेल तेव्हा साधारण 65 पेन्स लिटर होतं, एका लिटरात दहा युनिट, त्यातली दीडेक बॉयलर वाया घालवतो. करा हिशोब. उष्णतेच्या एका युनिटला दोन्ही आठेक पेन्सवर येतात. बचतीसाठी पंप घेणाऱ्याने रात्रीच्या स्वस्त विजेची योजना किंवा छपरावर सोलर घेतल्याशिवाय फार आशा धरू नये. आम्हाला भावाच्या उड्यांपासून सुटका हवी होती आणि रात्री दोनला काटा बघायला अंगणात जायचं नव्हतं.

वीज गेली तर? हा प्रश्न हमखास येतो. डिसेंबर 2024 मध्ये डॅरा वादळ आलं तेव्हा आमची वीज दोन दिवस नव्हती. पंप बंद. पण पलीकडच्यांचा रॉकेलचा बॉयलरही बंदच होता, कारण त्यालाही ठिणगीला आणि पाणी फिरवायला वीज लागते. फरक केला तो लाकडाच्या शेगडीने, जी आम्ही काढून टाकायचं म्हणत होतो आणि नशिबाने काढली नाही. आणि भिंतींनीही. दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा आत पंधरा अंश होते. बॉयलरच्या काळात एका रात्रीत अकरावर यायचे.

कुरकुर करण्यासारखंही आहे. दमट थंडीत बाहेरच्या पंपावर बर्फ साचतं, मग तो स्वतःला वितळवायला उलटा चालतो, वाफेचा ढग उठतो आणि खाली पाणी ठिबकतं. पहिल्या हिवाळ्यात ते फरशीवर गोठलं आणि नवरा त्यावरून सपशेल आडवा झाला. आता खाली खडी टाकली आहे.

आई गेल्या नोव्हेंबरात आली, तिने आल्या आल्या रेडिएटरला हात लावला आणि जाहीर केलं, “अगं, हे बिघडलंय. कोमट आहे.” खोलीत वीस अंश होते आणि ती स्वेटर काढून बसली होती. पण तिचं चुकत नव्हतं. आमच्याकडे ऊब म्हणजे शेकोटी, शेगडी, तांब्याचा बंब. हात पुढे करायचा, पाठ शेकायची, कढत पाण्याचा तांब्या अंगावर घ्यायचा. घराला ऊब द्यायची असते ही कल्पनाच वाईत नव्हती. बंबातल्या शेणीच्या धुराची आठवण काढत ती आठवडाभर रोज एकदा रेडिएटरला हात लावून मान हलवायची. मग सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र तिच्याच लक्षात आली. रॉकेलचा बॉयलर स्वयंपाकघरात होता आणि त्याच्या डोक्यावर विरजण ठेवलं की सकाळी सुरीने कापावं असं दही. तो गेला. त्याच्या जागी आलेली गरम पाण्याची टाकी इतकी छान गुंडाळलेली आहे की तिचं कपाट आतून गारच असतं. आंबोळीचं पीठ दोन दिवस ढिम्म. आईने सगळं घर धुंडाळून शेवटी लाकडाच्या शेगडीच्या उजव्या अंगाची, हातभर लांबची एक जागा शोधून काढली. तिथे दही लागतं, पण शेगडी पेटवली असेल तरच.