तुम्ही विचारलंत म्हणून : ‘कॅल्शियम कमी आहे का?’

हा प्रश्न मला कळतंय तेव्हापासून ऐकत आले आहे. प्लास्टर दिसलं, कुबडी दिसली, की विचारतातच. बरीच वर्षं मी ‘हो’ म्हणायचे. एका शब्दात सुटका व्हायची. आता तसं म्हणवत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

नाही. कॅल्शियम कमी नाही. माझी हाडं बारीक आहेत, एकूण हाडच कमी आहे, हे खरं. पण मला जन्मापासून असलेल्या, हाडं सहज मोडणाऱ्या आजारात, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टामध्ये, जे हाड असतं, त्याच्या कणाकणात खनिज निरोगी हाडापेक्षाही दाट भरलेलं असतं. दूध मी पिते. ड जीवनसत्त्वही घेते, कारण त्याची कमतरता झाली तर आधीच्या बिघाडात भर पडेल. पण मूळ बिघाड तिथे नाही, कोलॅजनमध्ये, म्हणजे हाडाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनात आहे.

शाळेत एक प्रयोग दाखवतात. एक हाड सौम्य आम्लात ठेवायचं. काही दिवसांत खनिज विरघळतं आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. दुसरं हाड भाजायचं. त्यातलं कोलॅजन जळतं, आकार तसाच राहतो, पण बोटांनी दाबलं की चुरा होतो. वर्गातली सगळी मुलं ते वाकणारं हाड हातात घ्यायला धावली. मी त्या भाजलेल्या हाडाकडे बघत बसले होते.

कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. दोन साखळ्या एकसारख्या, तिसरी वेगळी. प्रत्येकीच्या पिळाच्या भागात हजारावर अमिनो आम्लं, आणि त्यांत दर तिसरं ग्लायसिन. पिळाच्या मधोमध जागा इतकी अरुंद असते की तिथे सगळ्यांत लहान असलेलं ग्लायसिनच मावतं. माझ्या जनुकाच्या अहवालात एका ठिकाणी ग्लायसिनच्या जागी सेरिन, म्हणजे त्याहून मोठं अमिनो आम्ल आहे. एवढा एकच बदल. पीळ एका टोकाकडून घट्ट होत येतो आणि त्या जागी अडखळतो. तो रेंगाळतो तेवढ्या वेळात साखळ्यांवर जास्तीची शर्करा चढत जाते. असे रेणू मग शेजारीशेजारी नीट बसत नाहीत, त्यांना जोडणारे आडवे बंध बिघडतात, आणि खनिजाचे स्फटिक बारीक होऊन दाटीवाटीने भरतात. निरोगी हाडात तडा जायला लागला की कोलॅजनचे तंतू ताणले जातात, एकमेकांवरून सरकतात, तड्याला वळणं घ्यायला लावतात. त्यात त्याचा जोर जिरतो. माझ्या हाडात त्याला अडवणारं फारसं काही नसतं.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी माझी एकच बिघडली आहे. पण ते जनुक ज्या एकसारख्या साखळ्या बनवतं, त्या प्रत्येक रेणूत दोन लागतात, त्यामुळे चारांतल्या तीन रेणूंत निदान एक तरी सदोष साखळी येते. ज्यांची एक प्रत पूर्ण बंद असते, त्यांचं कोलॅजन निम्मंच बनतं, पण बनतं ते निर्दोष. त्यांचा आजार सहसा सौम्य असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. माझी ती प्रत नसतीच तर बरं झालं असतं, हा विचार कुणाला बोलून दाखवायचा?

आता ते सांगते, जे मी टाळते.

17 वर्षांची होते. 3 वर्षं बिस्फॉस्फोनेटची, म्हणजे हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची सलाइन घेऊन झाली होती. हाडांच्या घनतेचा नवा रिपोर्ट आला आणि आकडा माझ्या वयाला साजेसा होता. डॉक्टर ‘छान’ म्हणाले. तो कागद मी टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवला होता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मला मागच्या फळीवरचं पुस्तक हवं होतं. आई म्हणाली, “थांब, मी देते.” मी म्हणाले, “रिपोर्ट बघितलास ना?” आणि उभी राहून, पाय न उचलता, कमरेतून मागे वळले.

मी पडले नाही. हे आजही आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. वळता वळता मांडीचं हाड मोडलं. आवाज आईनेही ऐकला. दवाखान्यात पोचेपर्यंत तिने माझा पाय दोन्ही हातांत धरून ठेवला होता, जराही हलू न देता. तिथे कुणीतरी तो रिपोर्ट पाहून म्हणालं, “हा तर चांगला आहे.” आईने विचारलं, “मग मोडलं कसं?” कुणी उत्तर दिलं नाही. सळई बसवली, घरी आले, आणि पहिल्याच रात्री मी आईला म्हणाले, “तू मला अडवलं का नाहीस?” तिने अडवलं होतं. आम्हा दोघींना ते माहीत होतं.

उत्तर मला कितीतरी वर्षांनी कळलं. घनता मोजणारं ते यंत्र क्ष-किरणांच्या वाटेत किती खनिज आलं एवढंच मोजतं. पीळ कसा आहे, ते त्याला दिसत नाही. औषध हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतं, म्हणून हाड जास्त उरतं. पण उरतं ते त्याच सदोष कोलॅजनचं.

त्यानंतर 2 वर्षं मी औषधाला हात लावला नाही. तेव्हाच्या त्या मुलीशी, माझ्याशीच, मी अजून भांडते. तुझी पाठदुखी थांबली होती, रात्रीची झोप लागत होती, ते तू मोजलंच नाहीस, असं तिला सांगते. ती म्हणते, मांडी माझी मोडली. घनता वाढते हे नक्की, पण त्यामुळे हाडं मोडणं किती कमी होतं, यावर अभ्यासांचंही एकमत नाही. तिला गप्प करेल असं माझ्याजवळ काही नाही. मी पुन्हा औषध घ्यायला लागले, एवढंच.

आणि हो, कोलॅजनची पावडर सुचवणाऱ्यांना : पोटात गेलेलं कोलॅजन पचून सुटं होतं. त्यातून नवी साखळी विणायची, तर माझ्या पेशी तीच जुनी प्रत वापरणार.

आई अजूनही लोकांना “हो, कमी आहे” असंच सांगते. पण आम्ही दोघीच असलो की कधीतरी विचारते, “मी ते पुस्तक आधीच खाली काढून ठेवलं असतं तर?” मी सेरिनपासून तड्यापर्यंत सगळं पुन्हा सांगते. ती पूर्ण ऐकून घेते. काही महिन्यांनी परत विचारते.