फ्रामवरचा दुसरा माणूस

ऑस्लोतले पहिले तीन दिवस पावसात आणि महागड्या कॉफीत गेले. चौथ्या दिवशी बिग्दोय या द्वीपकल्पावरच्या फ्राम म्युझियमला गेलो आणि तिथेच अडकलो.

म्युझियमच्या उतरत्या छपराखाली फ्राम हे आख्खं जहाज उभं आहे, आत हिंडताही येतं. बर्फाने दोन्हीकडून आवळलं की चिरडण्याऐवजी वर उचललं जावं म्हणून त्याचं पोट गोलसर ठेवलंय. 1893 मध्ये नॉर्वेजियन संशोधक नान्सेन धरून 13 जण ते मुद्दाम बर्फात अडकवायला निघाले, सरकत्या बर्फाबरोबर उत्तर ध्रुवाकडे वाहत जाता यावं म्हणून. खालच्या केबिनी इतक्या लहान, की मी एकीच्या दारात वाकून उभा राहिलो तो हललोच नाही. मागच्या ग्रुपला फोटो हवे होते. हवे असू देत.

14 मार्च 1895 ला नान्सेन आणि त्याचा सोबती यालमार योहानसेन जहाज सोडून कुत्रे, स्लेज घेऊन ध्रुवाकडे निघाले. 86 अंश 14 मिनिटांपर्यंत पोचले आणि मागे फिरले. फ्रान्स योझेफ लँड या आर्क्टिकमधल्या बेटांवर दगडांची खोप केली, वर वॉलरसची कातडी घातली आणि अस्वलाचं मांस खाऊन आख्खा हिवाळा काढला. झोपायला दोघांत एकच स्लीपिंग बॅग. आणि असं सांगतात, की त्या बॅगेतही दोघांचं अहोजाहोच चालू होतं! वर्षाच्या शेवटच्या रात्री नान्सेनने विचारलं म्हणे, आता अरेतुरे करूया का? आपल्याकडे कसारा येईस्तोवर समोरच्या बर्थवाल्याशी दोस्ती होते.

1897 मध्ये नान्सेनचं पुस्तक आलं आणि इंग्रजीतही त्याच वर्षी दोन जाडजूड खंड निघाले. योहानसेनचं पुस्तक त्यानंतर वर्षभराने आलं. त्या पुस्तकाच्या नॉर्वेजियन नावात निदान ‘दोघांतला एक’ असा भाव होता. इंग्रजीत मात्र त्याचं ‘नान्सेनबरोबर उत्तरेत’ झालं. स्वतःच्या पुस्तकावरही आधी दुसऱ्याचं नाव! मला हे फार लागलं.

पुढे याच फ्रामवरून योहानसेन दक्षिण ध्रुवावर निघालेल्या आमुंडसेनबरोबर अंटार्क्टिकाला गेला. तिथे त्याने आमुंडसेनला तोंडावर सुनावलं आणि ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीतून तो वगळला गेला. जानेवारी 1913 मध्ये याच शहरातल्या एका बागेत त्याने स्वतःवर गोळी झाडली.

1893 च्या त्या सफरीत फ्रामवर दुसरी जागा नव्हती म्हणून हा लेफ्टनंट योहानसेन बॉयलरमध्ये कोळसा टाकायला तयार झाला होता. निघण्याआधी मी पुन्हा खाली इंजिनाकडे उतरलो. 1910 मध्ये तिथे डिझेल इंजिन बसवलं. त्याचा तो बॉयलर आता नाही.