फाइलमधलं सगळं बरोबर होतं

बालीच्या विमानाचे चेक-इन काउंटर उघडून अर्धा तास झाला होता आणि तेवढ्यात दोन भानगडी निस्तरून झाल्या होत्या. पहिला एक तरुण. त्याचा पासपोर्ट साडेपाच महिन्यांनी संपत होता. इंडोनेशियात उतरण्याच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिन्यांची मुदत लागते. "अजून चालू आहे की पासपोर्ट!" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं, नियम असतो. त्याच्यामागच्या जोडप्याने 'ऑल इंडोनेशिया'चा, म्हणजे तिकडच्या आगमनाचा फॉर्म भरायला कुठल्याशा वेबसाइटला चक्क पैसे मोजले होते आणि हातात काहीच आलं नव्हतं. तो फॉर्म फुकट असतो. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा की क्यूआर कोड मिळतो. खऱ्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट आयडी' असतं, एवढं पाहिलं तरी पुरे. बाजूला उभं राहून पाच मिनिटांत भरला त्यांनी.

मग ते पाच जण आले. आजी-आजोबा, मुलगा, सून आणि सहा-सात वर्षांची नात. नात आजोबांना आबा म्हणत होती. आबांच्या काखेत निळी फाइल. मी पासपोर्ट मागायच्या आत त्यांनी ती काउंटरवर उघडली आणि एकेक कागद माझ्यासमोर सरकवायला लागले.

असा प्रवासी विरळा. व्हिसा ऑन अरायव्हल तिथल्या विमानतळावर उतरल्यावर रांगेत उभं राहूनही मिळतो, पण यांनी पाचही जणांचा ऑनलाइन काढला होता, प्रत्येकी ५ लाख इंडोनेशियन रुपिया भरून. तो ३० दिवसांचा असतो आणि उतरल्याचा दिवसही त्यात धरतात. पुष्कळ जण दिवसांऐवजी रात्री मोजतात आणि मग मुदतीबाहेरच्या दर दिवसाला १० लाख रुपिया दंड भरतात. आबांनी दिवस मोजले होते, पेन्सिलने. बालीत २०२४ पासून परदेशी पर्यटकाला माणशी दीड लाख रुपियांचा वेगळा कर आहे, त्याच्या पावत्या होत्या. परतीची तिकिटं होती. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटांत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, कारण "तिकडे औषधांच्या बाबतीत फार कडक आहेत म्हणे." आहेतच. न्येपीच्या, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या मौनाच्या दिवशी बालीचा विमानतळ २४ तास बंद असतो, तो दिवस टाळून तारखा धरल्या होत्या. आणि देवळांसाठी कमरेला गुंडाळायची वस्त्रं प्रत्येकाच्या बॅगेत आहेत, हेही त्यांनी मला सांगून टाकलं. ते मी विचारलं नव्हतं.

मी हसत हसत पासपोर्ट घेतले. आबांचा शेवटी. यंत्राने फोटोच्या पानावरच्या, ४४-४४ अक्षरांच्या त्या दोन ओळी बिनतक्रार वाचल्या. टायमॅटिक, म्हणजे कुठल्या पासपोर्टवर कुठल्या देशात काय लागतं ते सांगणारी आमची पोथी, तीही काही बोलली नाही. बोर्डिंग पास छापायचा तेवढा राहिला होता. पान मिटताना अंगठ्याला शिवणीपाशी काहीतरी गुळगुळीत लागलं.

पासपोर्ट दिव्याखाली तिरका धरला. फोटोचं पान शिवणीलगत बोटभर फाटलं होतं आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी होती. कडा सरळ कापलेल्या, एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. शोधल्याशिवाय दिसणार नाही इतकं सुबक काम.

"उसवलं होतं जरासं," आबा म्हणाले. "गेल्या महिन्यात मीच बसवलं. कळतसुद्धा नाही ना?"

कळत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कोपरा दुमडलेला, कव्हर झिजलेलं असलं तर वापरून जुना झाला म्हणता येतं. फोटोचं पान फाडून सफाईने परत चिकटवलेलं दिसलं की इमिग्रेशनच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे पान याच पासपोर्टचं आहे का? बालीत फाटक्या, भिजलेल्या पासपोर्टवरून माणसं परत पाठवल्याची प्रकरणं आम्हाला पाठ आहेत. अशा, प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला आमच्यात 'इनॅड' म्हणतात. ज्या कंपनीने आणला तिनेच त्याला परत न्यायचं; आणि तोवर त्या माणसाने तिथे एका खोलीत बसून राहायचं.

"काका, मला हा वरिष्ठांना दाखवावा लागेल."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग एकदम म्हणाले, "अहो मग पट्टी काढून टाकतो ना!" आणि नखाने टोक उचलायला लागले. मी पासपोर्टवर पालथा हात ठेवला. पट्टी निघाली असती तर तिच्याबरोबर पानाचा वरचा थरही निघाला असता. माझ्या हाताखाली त्यांचं बोट तसंच थांबलं.

ड्यूटी मॅनेजरने पान बघितलं, फोटो काढून बालीतल्या देनपसार विमानतळावरच्या आमच्या लोकांना पाठवला. बारा मिनिटांनी उत्तर आलं, एका ओळीचं. घेऊ नका.

खरं सांगायचं तर मी तो पासपोर्ट बघितलाच नव्हता असं करता आलं असतं का, हा विचार त्या बारा मिनिटांत माझ्या मनात येऊन गेला. यंत्राने पास केलेलाच होता. पण मग इथे नाही तर तिकडे उतरल्यावर, आणि नातीसमोर, कुणीतरी गणवेशातला माणूस त्यांना बाजूला घेऊन गेला असता.

मुलगा आवाज चढवून बोलला. ते मी समजू शकते. नवा पासपोर्ट काढला की काय काय पुन्हा करावं लागेल ते मी त्याला लिहून दिलं: व्हिसा पासपोर्टच्या नंबरावर असतो, म्हणून तो नव्याने, आगमनाचा फॉर्म नव्याने, कराच्या पावतीवरही जुनाच नंबर. तिकिटाची तारीख मात्र मी तिथेच उघडी ठेवून दिली. माझ्या हातात तेवढंच होतं.

"तुम्ही चौघं जा," आबा म्हणाले. आजी काहीच बोलल्या नाहीत. स्वतःचा पासपोर्ट त्यांनी माझ्यासमोरून उचलला आणि पर्समध्ये टाकला.

काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं होती. मोठी बॅग दोघांत आणि तिघांत वाटायची होती, म्हणून ती तिथेच जमिनीवर उघडली. आजी गुडघ्यावर बसून कपडे वेगळे करत होत्या. सून एकेक नेसायचं वस्त्र काढत होती आणि कुठलं कुणाचं ते आबांना विचारत होती, कारण त्यांनीच ती भरली होती. आबांनी फाइलमधले तिघांचे कागद वेगळे काढले, टाचणी लावली आणि मुलाच्या हातात दिले. मग स्वतःच्या हातातल्या पिशवीतून नातीचं पोहण्याचं गुलाबी चाक बाहेर काढलं. हवा काढून, घडी घालून, दोऱ्याने बांधलेलं.

"आबा, ते तू फुगवणार होतास," ती म्हणाली.

आबांनी मुलाकडे बघितलं. "झडप उलटी बसते त्याची," ते म्हणाले. "आधी दाबून धरायची."