उलटा 'एन'

फोटोवरून मत द्यायचं नाही, हे मी ज्युनिअर मुलांना येता-जाता ऐकवतो. आणि गेल्या मे महिन्यात मीच दिलं.

नारायण पेठेतले एक काका. वाडा पाडायला निघालाय, बिल्डर घाई करतोय, तेव्हा आजोबांची बंदूक संग्रहालयाला द्यावी असं त्यांच्या मनात. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो आले. मी चहा पीत होतो. चापामागची लांब लिव्हर, बाजूला मुकुट, राणी व्हिक्टोरियाचं 'व्ही.आर.', खाली कारखान्याचं नाव 'एन्फील्ड'. लगेच टाइप केलं : "मार्टिनी-हेन्री. उत्तम वस्तू आहे." काकांनी तो मेसेज जसाच्या तसा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

पंधरा दिवसांनी गेलो. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर भिंग घेऊन बसतो. निम्मा वेळ लायसन्स, पोलीस स्टेशनचा कागद आणि झेरॉक्सवाला यांच्यात जातो. मग नळी रिकामी आहे ना हे स्वतः बघायचं, दुसऱ्याच्या शब्दावर नाही.

"तात्या टोप्यांच्या फौजेतली आहे," काका म्हणाले. ते निस्तरणं सोपं होतं. सत्तावनात ठासणीच्या बंदुका होत्या. मागून काडतूस घालायची मार्टिनी-हेन्री ब्रिटिश सैन्यात आली 1871 मध्ये. काका "असेल, असेल" म्हणाले. चौदा वर्षं इकडेतिकडे, असा त्यांचा चेहरा.

खरी पंचाईत पुढे होती. दर खंडेनवमीला पूजा झालेली, त्यामुळे खोदलेल्या अक्षरांत तेल आणि हळदकुंकू बसून काळपट राप झाला होता. (ब्रासो लावून घासण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. पॉलिश करून ठसे पुसून टाकणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, तोंड खराब होईल.) बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, थोडं थोडं स्पिरिट लावत मी साल मोकळं केलं. 1907.

राणी व्हिक्टोरिया 1901 च्या जानेवारीत गेली. त्यानंतर सरकारी ठसा सातव्या एडवर्डचा, 'ई.आर.' मेलेल्या राणीची आद्याक्षरं सहा वर्षांनी कोणता सरकारी कारखाना मारेल?

बॅटरी तिरकी धरली. कारखान्याचा ठसा एका दाबात बसतो, अक्षरांची खोली सारखी असते. इथे प्रत्येक अक्षर छिन्नीने वेगळं कोरलेलं, कडेला लोखंड उचललेलं, 'एफ' खोल आणि 'एल' उथळ. आणि 'एन्फील्ड'मधला 'एन' आरशात दिसावा तसा उलटा. नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, मोजले. मार्टिनी-हेन्रीच्या नळीत सात असतात. तीनदा मोजले, पाचच.

खैबरकडची नक्कल. कोहाटजवळच्या दर्रा आदमखेलसारख्या गावांत कारागीर समोर नमुना ठेवून अशा बंदुका हातानं घडवत. इंग्रजी त्यांना चित्रासारखं. नमुन्यावरचा मुकुट आला, 'व्ही.आर.' आलं, 'एन' मात्र फिरला. आजोबा कुठे नोकरीला होते विचारलं, तर काकूंनी आतूनच सांगितलं, "मिलिटरी अकाउंट्समध्ये. पेशावरला."

लिव्हर खाली ओढली. नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा खाली पडला, परत वर येऊन बसला. फटीत वहीचा कागद सरकवून पाहिला, जाईना. कानशीनं केलेलं काम! मी गोळी घालून ती उडवणार नाही, पोलादाचा काय भरवसा; पण तो सांधा करणाऱ्याचे हात मला बघायला आवडले असते.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही खोटीची पूजा केली?" मी म्हणालो, "खोटी नाही, नक्कल आहे." हे बोलताना मलाच ते कारकुनी वाटलं.

बंदूक आमच्याकडे आली आहे. नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'निर्माता' रकान्याला कारखान्यांची यादी आहे आणि शेवटी 'अज्ञात'. साहेब म्हणतात, "अज्ञात टाका आणि मोकळे व्हा. नकलेला प्रदर्शनात जागा कोण देणार?" ज्यांनी ती यादी केली त्यांनी हातात बंदूक धरलेली नाही, हे उघड आहे. मी रकाना अजून रिकामा ठेवलाय.

त्या रात्री घरी फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला. साल कुंकवाखाली होतं, ते दिसणं शक्यच नव्हतं. पण 'एन' स्वच्छ दिसत होता. उलटा.

काकांच्या ग्रुपवर माझा मेसेज अजून तसाच आहे म्हणे.