नावाआधीची नागमोडी रेघ

सोसायटीचं खजिनदारपद घेतलं की व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनगिरी आपोआप गळ्यात पडते. आमच्या ग्रुपात चारही विंगची माणसं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचे नंबर मी सेव्ह केलेले नाहीत. अशा माणसांचं नाव कसं दिसतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आधी एक नागमोडी रेघ, मग त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं नाव. बारशाला आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, आत्याने कानात कुर्रर्र केलं आणि विषय संपला. इथे 25 अक्षरांची जागा मोकळी मिळते आणि अडवायला आत्या नसते. मग लोक काय काय लिहितात!

सी विंगमधले एक काका ‘ॐ शांती’ आहेत. पार्किंग, पाण्याचा टँकर, गच्चीवरचे पापड, कुठल्याही विषयावर पहिली ठिणगी त्यांचीच. सगळे हसतात. मला मात्र वाटतं, फ्रिजवर ‘मीठ आणणे’ अशी चिठ्ठी लावावी तसं त्यांनी ते लिहिलं असावं. घरात नाही म्हणूनच लिहायचं.

बी विंगमध्ये एक भाडेकरू मुलगा आहे, त्याचं नाव नुसतं टिंब. ॲप नाव रिकामं सोडू देत नाही, म्हणून टिंब. डीपी नाही, ग्रुपवर कधी ‘ओके’सुद्धा नाही, पण त्याच्याकडून यायचे ते पैसे दर महिन्याला सगळ्यांत आधी येतात. असे आणखी दहा टिंब मला चालतील.

‘आर्याज मॉम’, ‘वेदांत की मम्मी’ या नावांची लोक टिंगल करतात, मी करत नाही. शाळेच्या ग्रुपमध्ये टीचरला कळावं म्हणून कधीतरी ते लिहिलेलं असतं आणि मग राहून जातं. वेदांत आज बंगळुरूला नोकरी करतो, त्याला दाढी आहे. बरीचशी नावं अशीच असतात. माणूस आज कसा आहे यापेक्षा त्याने शेवटचा विचार कधी केला होता तेवढंच सांगतात. ए विंगमधले एक गृहस्थ अजून ‘जिओ 2’ आहेत. 2016 साली सगळ्यांनी फुकटाचं दुसरं सिम घेतलं ना, त्या काळातलं. पहिलं सिम कधीच बंद पडलं, नावातला 2 तेवढा राहिला.

आता यातली खरी गंमत. हे नाव आपल्या माणसांना दिसत नाही. त्यांनी आपल्याला ‘बाबा’, ‘अहो’, ‘मोठे दीर’ असं सेव्ह केलेलं असतं आणि त्यांना तेच दिसतं. आपण निवडलेलं नाव दिसतं ते दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला आणि माझ्यासारख्या खजिनदाराला. डी विंगमधले एकजण ‘एकटा जीव’ आहेत. पन्नाशीचे, बँकेत, दोन मुलं, गणपतीत आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. हळदीकुंकवाला त्यांच्या मिसेस मला सांगत होत्या, “आमच्याकडे ना, हे सारखे हसवत असतात सगळ्यांना.” मी तिळगूळ तोंडात टाकला. त्यांच्या फोनमध्ये ‘अहो’ असणार, त्यांना कुठून कळणार? घरच्यांना सांगता येत नाही ते माणूस परक्यांच्या फोनवर लिहून ठेवतो, आणि परके मेंटेनन्सची पावती पाठवून मोकळे होतात. बरं, विचारायचं तरी कसं? ‘पावती मिळाली का’च्या खाली ‘एकटे का वाटते’?

जीटॉकच्या, म्हणजे गूगलच्या जुन्या चॅटच्या काळात हे बरोब्बर उलट होतं. 2005 मध्ये ते आलं, पुढच्याच वर्षी जीमेलच्या आत जाऊन बसलं, आणि महापेच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ती यादी उघडी असायची. हिरवा ठिपका, नारिंगी ठिपका, लाल ठिपका आणि नावाखाली एक ओळ. तिथे नाव आपलं खरंच असायचं, मूड त्या ओळीत. वाचणारे सगळे ओळखीचे, म्हणून ती ओळ कुणातरी एकाला उद्देशून असायची आणि उरलेले शंभरजण फुकट वाचायचे. लाल ठिपका लावून ‘डू नॉट डिस्टर्ब’ लिहिणारा आमचा टीम लीड दर दहा मिनिटांनी स्वतःच पिंग करायचा. बॉसही यादीत असल्यामुळे भाषा सांकेतिक असे. ‘चातुर्मास सुरू’ म्हणजे रिलीज जवळ आलंय, रात्री घरी जायचं नाव नाही.

त्यातच एक सोय होती, आपण ऐकत असलेलं गाणं आपोआप त्या ओळीत दाखवायची. माझ्या शेजारच्या मुलीने ती चालू ठेवली होती. एकदा सकाळपासून एकच रडकं गाणं, दुसऱ्या दिवशीही तेच. जेवायच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या मजल्याला कळलं की पुण्याच्या मुलाचं बिनसलं. तिने कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. मग एका दुपारी अचानक कोंबडीछाप नाचाचं गाणं लागलं. पुण्याचा परत आला म्हणून आम्ही खूश, तर बाईसाहेबांनी संध्याकाळी राजीनामा दिला. दुसरीकडची ऑफर आली होती!

याहू मेसेंजरच्या आयडींबद्दल न बोललेलं बरं. ‘कूल’, ‘रॉकिंग’ आणि मागे जन्मसाल, कारण नुसतं ‘कूल’ आधीच कुणीतरी पळवलेलं. तेच आयडी पुढे बायोडेटावर आले आणि मुलाखतीत गंभीर चेहऱ्याने वाचले गेले.

आता मूड मांडायला वेगळ्या जागा आहेत. 2017 पासून चोवीस तासांत पुसलं जाणारं स्टेटस आहे, ‘अबाउट’ आहे, डीपी तर आहेच. नाव तसंच पडून असतं. म्हणूनच एखाद्याने ते बदललं की माझं लक्ष जातं. ए विंगमधला एक पोरगा वर्षानुवर्षं ‘राजे’ होता. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी त्याच्या जागी पूर्ण नाव दिसलं, वडिलांच्या नावासकट. चार दिवसांनी तो फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट स्वतःच्या नावावर करायचा फॉर्म मागायला आला.

माझं स्वतःचं नाव? आडनावासह पूर्ण. थकबाकी मागायची असते, ‘फुलपाखरू’ ठेवून चालत नाही.

गेल्या महिन्यात कमिटीने ठराव केला, प्रत्येकाने नावाआधी फ्लॅट नंबर लिहावा, हिशेबाला सोपं जातं. बहुतेकांनी निमूट लिहिला. ‘सी 302 ॐ शांती’ यांनी आधी ठरावावरच हरकत घेतली, इतिवृत्तात नोंद करायला लावली, मग लिहिला. टिंबाने फ्लॅट नंबर लिहून पुढे टिंब कायम ठेवलं. ‘एकटा जीव’ मात्र नुसतेच ‘डी 203’ झाले; संधी मिळाली म्हणून ते काढलं की घाईत राहून गेलं, कोण जाणे. आणि आमचा प्लंबर, ज्याला या ठरावाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याने उत्साहाने ‘सर्व विंग 24 तास’ लिहिलंय. काल दुपारपासून फोन उचलत नाही.