लाली गेली, पण डोळा नाही उघडला

आमच्या नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीत जिन्याखाली एका मांजरीने तीन पिल्लं घातली. पाच आठवड्यांची झाली तेव्हा त्यातलं एक, पिवळं पिल्लू, शिंकायला लागलं. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा चिपडांनी घट्ट चिकटलेला. जुलैची संततधार होती. सर्दी असेल, म्हटलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गुलाबपाणी घाल दोन थेंब." ते मी टाळलं, पण त्याहून मोठा गाढवपणा केला. मागच्या वर्षी माझे डोळे आले होते, तेव्हाची ड्रॉप्सची बाटली फ्रीजमध्ये पडून होती. तीच घातली. संध्याकाळपर्यंत लाली कमी झाली आणि मला वाटलं, जमलं! तिसऱ्या दिवशी मात्र पिल्लू डोळा मिटूनच बसलं. पापणी जराशी उचलून पाहिली तर बुबुळावर निळसर ढग.

रिक्षाने दवाखान्यात नेलं, बाटलीसकट. डॉक्टरांनी आधी लेबल वाचलं. अँटिबायोटिकसोबत त्यात स्टेरॉईड होतं. मग फ्लुओरेसिनची, म्हणजे जखमेला धरून राहणाऱ्या रंगाची, केशरी पट्टी ओली करून डोळ्याला लावली, डोळा धुतला आणि निळा दिवा धरला. बुबुळावर हिरवीगार रेघ चमकली. ती जखम. स्टेरॉईडने लाली ओसरते, पण जखम भरत नाही, उलट विषाणूला मोकळं रान मिळतं. "शिंका आणि अशी जखम, म्हणजे बहुतेक हर्पीस," ते म्हणाले. मांजरांचा हा विषाणू माणसाला लागत नाही, इतर पिल्लांना मात्र हां हां म्हणता लागतो. एकदा शिरला की अंगात दबा धरून राहतो. अँटिबायोटिक द्यायचं ते त्याच्यामागून येणाऱ्या जिवाणूंसाठी.

घरी आल्यावर खरी कसरत. दिवसातून चार वेळा पिल्लाला टॉवेलमध्ये विड्यासारखं गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस पिळून मिनिटभर डोळ्यावर ठेवायचा, चिपडं मऊ होईपर्यंत. ओढून काढायची नाहीत, त्वचा सोलवटते. नाकाकडून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसायचं आणि बोळा फेकायचा. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. मग मलम. ट्यूबचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. या पिल्लाला शेवटी हात लावायचा आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

डोळ्यापेक्षा मला खाण्याचीच जास्त काळजी होती. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही तर ते खात नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४१० ग्रॅम भरलेलं पिल्लू दोन दिवसांत ३९० वर आलं. या वयात रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवेत! ओलं खाणं कोमट करून दिलं तेव्हा कुठे त्याने तोंड लावलं.

दहाव्या दिवशी पुन्हा पट्टी लावली. हिरवं काही चमकलं नाही. बाकीच्या दोघांचे डोळे नुसते पाणावले, तेवढ्यावर निभावलं. आठव्या आठवड्यात तिघांनाही पहिली लस दिली.

पिवळ्याच्या बुबुळावर एक पुसट डाग राहिला. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून तो दोन दिवस कपाटाखाली बसला आणि तोच डोळा परत गळायला लागला. या वेळी आधी फ्रीज नाही उघडला, रिक्षा बोलावली.